आरशावरचे दहिवर

दहा रुपयांचे हे नाणे मी नेहमी रात्री, जेवणखाण आटोपल्यावर, घरातले इतर दिवे मालवून एका पिवळ्या बल्बखाली पाहते. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली काढलेले हे नाणे १५ ग्रॅम वजनाचे असून त्यात ८० टक्के चांदी आहे. त्याच्यावर १९६९ हा आकडा मात्र कुठेही नाही, फक्त १८६९–१९४८ ही गांधीजींच्या जन्ममृत्यूची वर्षे आहेत. दोन बोटांनी कडेला धरून ते हळूहळू कलते केले, की एका ठरावीक कोनात त्याची मोकळी जागा एकदम काळी पडते, जुन्या आडातल्या पाण्यासारखी काळी, आणि त्या काळ्यावर गांधीजींचे मस्तक पांढरे, कोरडे, पहाटे गवतावर दहिवर पडावे तसे उमटून येते. आणखी थोडे कलते केले की सारे उलटते: मोकळी जागा दिव्याने झगमगून उठते आणि चेहरा करडा, मवाळ होतो. नाणे तेच, दिवा तोच, हाताची हालचाल गव्हाच्या दाण्याएवढी.

या काळ्या-पांढऱ्याच्या फरकाला संग्राहक ‘कॅमिओ’ म्हणतात, आणि पांढऱ्या भागावरच्या त्या खरखरीत, दुधाळ पोताला ‘फ्रॉस्ट’. मला मात्र तो शब्द वापरतानाही मनात दहिवरच दिसते, कारण दोन्हींत एक गोष्ट समान आहे: बोट लागले की ते गेले, आणि पुन्हा आणता येत नाही.

माझे हे नाणे ‘प्रूफ’ आहे. हा शब्द ऐकला की पुष्कळांना वाटते, फार चांगल्या स्थितीतले नाणे म्हणजे प्रूफ. तसे नाही. छापखान्यात पुस्तक छापण्याआधी मजकूर तपासण्यासाठी जसे प्रूफ काढतात, तसे टांकसाळीत ठसा नीट उमटतो की नाही हे पाहण्यासाठी काढलेल्या नाण्यांपासून हा शब्द आला, आणि आज तो नाणे पाडण्याच्या एका खास पद्धतीचे नाव आहे. या पद्धतीत कोऱ्या चकतीला आधीच झिलई दिलेली असते. टांकसाळीत ज्याला डाय म्हणतात तो पोलादी ठसाही वेगळा तयार करतात: पूर्वीच्या रीतीने आधी तो आम्लात बुडवून किंवा त्याच्यावर बारीक वाळूचा फवारा मारून सगळा खरखरीत करतात, आणि मग हिऱ्याच्या भुकटीच्या लेपाने त्याचा फक्त सपाट भाग घासून आरशासारखा करतात. ठशावर चित्र खोलगट कोरलेले असते, त्यामुळे घासणारा हात त्या खोलीत पोहोचत नाही आणि खरखर तिथेच शिल्लक राहते. मग चकती त्या ठशाखाली ठेवून दाब देतात, एकदाच नाही तर दोन किंवा अधिक वेळा, सावकाश, म्हणजे धातू प्रत्येक कोपऱ्यात भरतो. ठशावर जे खोलगट आणि खरखरीत होते ते नाण्यावर उठून येते आणि शुभ्र दिसते. जे सपाट आणि गुळगुळीत होते त्याचा आरसा होतो. साधे चलनी नाणे मिनिटाला शेकड्यांनी पडते आणि एकमेकांवर आपटत पिशवीत जाते. प्रूफ नाणे हातमोजे घातलेल्या माणसाकडून एकेक उचलले जाते.

इथपर्यंतची माहिती कुठल्याही जाणत्या संग्राहकाकडून मिळते. मला पुढची गोष्ट कळायला मात्र बरीच वर्षे लागली, आणि ती कळल्यावर माझे विकत घेणेच बदलले. ठशातली ती खरखर टिकाऊ नसते. प्रत्येक दाबाबरोबर धातू ठशाच्या खोलगट भागात सरकतो, तिथल्या बारीक कणांवर घासतो, आणि ती खरखर थोडी थोडी मवाळ होत जाते. नव्याने तयार केलेल्या ठशाने पाडलेल्या पहिल्या थोड्या नाण्यांवर दहिवर दाट असते. मग ते विरळ होते. मग गालाचे हाड, भुवया, कानाची पाळी असे उंच भाग चमकू लागतात. आणि शेवटी चेहरा आणि मोकळी जागा दोन्ही सारखीच लखलखतात. हे शेवटचे नाणेही प्रूफच असते, टांकसाळीतून त्याच मखमली पेटीत बाहेर पडते, आणि यादीत त्याचे नावही तेच असते. तेव्हा दोन नाण्यांत कॅमिओचा फरक दिसतो तो मुख्यतः त्या ठशाच्या आयुष्यातल्या वेळेचा फरक असतो: हे नाणे ठसा ताजा असताना पडले, आणि ते ठसा थकल्यावर.

ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते ती अमेरिकेच्या १९५० ते १९७० या काळातल्या प्रूफ नाण्यांत. महायुद्धामुळे १९४२ नंतर थांबलेले प्रूफ संच फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १९५० साली पुन्हा सुरू केले. त्या वर्षी ५१,३८६ संच निघाले आणि एका संचाची किंमत २ डॉलर १० सेंट होती. १९६३ साली हीच संख्या ३०,७५,६४५ वर गेली, किंमत तीच राहिली. एवढ्या लाखो नाण्यांत दोन्ही बाजूंनी दाट दहिवर असलेली नाणी थोडी, कारण ती ताज्या ठशांवरचीच. त्यामुळे एकाच सालच्या, एकाच टांकसाळीच्या, वरवर पाहता सारख्याच अर्ध्या डॉलरच्या दोन नाण्यांत किमतीचा फरक कित्येक पटींचा असतो. पुढे १९७०च्या दशकात ठशांना क्रोमचा मुलामा देण्याची रीत तिकडे रुळली, खरखर टिकू लागली आणि दाट कॅमिओ ही नेहमीची गोष्ट झाली. आता तर लेसरने ठशाच्या हव्या त्या भागावर हवी तेवढी खरखर उमटवता येते. म्हणून आजच्या प्रूफ नाण्यावर दाट कॅमिओ असणे ही किमान अपेक्षा आहे, आणि जुन्यावर असणे हे भाग्य आहे. विक्रेता दोन्हींसाठी एकच कौतुकाचा सूर लावत असेल, तर घेणाऱ्याने मनात हा भेद पक्का ठेवायला हवा.

माझा जीव मात्र आपल्या मुंबईच्या टांकसाळीच्या संचांवर आहे. फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर, १८२०च्या दशकात उभी राहिलेली ती खांबांची इमारत मी नोकरीच्या दिवसांत रोज पाहत होते, आणि आत काय घडते याची मला तेव्हा काहीही कल्पना नव्हती. १९६९ सालच्या गांधी नाण्यांपासून पुढे या टांकसाळीने संग्राहकांसाठी नेमाने प्रूफ संच काढले. अन्न व कृषी संघटनेच्या मोहिमेशी जोडलेले ‘सर्वांसाठी अन्न’ १९७० साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे १९७२ साली, ‘अधिक अन्न पिकवा’ १९७३ साली, महिला वर्षाचे १९७५ साली, बालकवर्षाचे १९७९ साली. त्या दशकात देशाला कशाची काळजी होती हे या नाण्यांवर सालवार वाचता येते. मोठ्या चांदीच्या नाण्यांशेजारी त्याच संचांत ॲल्युमिनियमची पैशांची नाणीही असत. एक पैशाचे चौकोनी नाणे, वजन अवघे पाऊण ग्रॅम. बाजारात ज्याच्याकडे कुणी वाकून पाहत नसे, त्या पैशालाही आरशाची पाठ आणि दहिवराचे सिंह देण्याचे काम कुणीतरी मन लावून केले होते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मुंबईच्या चलनी नाण्यावर सालाखाली हिऱ्यासारखा छोटा चौकोन असतो, हैदराबादच्या नाण्यावर तारा, नोएडाच्या नाण्यावर ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसते. प्रूफ नाण्यावर मात्र मुंबईची टांकसाळ ‘बी’ हे इंग्रजी अक्षर घालत असे, आणि शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाल्यानंतर त्या जागी ‘एम’ आले. हे एवढेसे अक्षर मी माझ्या पहिल्या खरेदीच्या वेळी पाहिले नव्हते.

ती खरेदी एका नाणेप्रदर्शनातली. पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली, काळ्या मखमलीवर, गांधीजींचे दहा रुपये असे काही लखलखत होते की माझी नजर दुसरीकडे वळेचना. विक्रेत्याने ‘प्रूफ आहे’ म्हटले, मी विश्वास ठेवला, आणि घरखर्चातून महिनोन्महिने बाजूला ठेवलेले पैसे मोजून दिले. घरी येऊन भिंगाखाली पाहिले तेव्हा चकाकी मोकळ्या जागेवर होती तशीच चेहऱ्यावरही होती, अक्षरांवरही होती, कडेवरही होती. अक्षरांच्या धारा आठवडाभर वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोलावल्या होत्या. दिव्याखाली कलते केल्यावर मोकळ्या जागेत असंख्य बारीक रेषा एकाच दिशेने धावताना दिसल्या, म्हणजे कापडाला पॉलिश लावून कुणीतरी ते निगुतीने घासले होते. आणि सालाखाली हिऱ्याची खूण होती. ते चलनातले नाणे होते. मी ते परत करायला गेले नाही, पण त्या रात्री जे पाहिले ते नंतर प्रत्येक खरेदीत उपयोगी पडले. खऱ्या प्रूफ नाण्याची कड काटकोनी, बोटाला जाणवेल इतकी धारदार असते. उठावाच्या भागाला आरशाची चमक नसते, ती फक्त मोकळ्या जागेला असते. आणि दहिवर जिथे संपते आणि आरसा जिथे सुरू होतो ती सीमा भिंगाखालीही सुरीने कापल्यासारखी असते. कधी कधी नाणे पडल्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर खरखर आणण्याचा उद्योगही केला जातो. तिथे ही सीमाच फसवणूक उघड करते, कारण नंतर आणलेली खरखर कुठेतरी ओघळून आरशावर सांडलेली असते, आणि तिच्याखाली जुने ओरखडे दबलेले दिसतात.

त्याच प्रदर्शनात दुसऱ्या वर्षी एक वयस्क संग्राहक भेटले. मी एक संच हातात घेऊन टेबलावरचा दिवा इकडून तिकडे वळवत होते. ते जरा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “ताई, दिवा हलवू नका. नाणं हलवा.” मग त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचा एक कपटा काढला, नाण्यापासून चार बोटे अंतरावर उभा धरला आणि मला नाण्यात वाचायला सांगितले. अक्षरे उलटी दिसत होती, पण वाचता येत होती. “आता कागद मागे न्या,” ते म्हणाले. कागद सहा बोटांवर गेला, आठ बोटांवर गेला, अक्षरे बारीक होत गेली आणि शेवटी विरघळली. आरसा किती खोल आहे ते असे मोजतात, हे मी त्या दिवशी शिकले.

पण त्यांनी दाखवलेली खरी गोष्ट आणखी बारीक होती आणि ती मराठी मजकुरातच दिसते. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेषा असते. चांगल्या आरशात ती शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते. जिथे ठसा झिजून किंवा चकती नीट न घासल्यामुळे नाण्याच्या पृष्ठावर किंचित लहर आलेली असते, तिथे शिरोरेषा वाकते, कधी कधी तुटते. मोकळ्या जागेत केसाएवढे ओरखडे असतील तर शिरोरेषेच्या कडा विस्कटलेल्या, केसाळ दिसतात. आणि पृष्ठावर धुराचा पातळ पडदा चढलेला असेल तर शिरोरेषा करडी होते, काळी राहत नाही. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये भिंगाबरोबर वर्तमानपत्राचे एक कात्रण कायम असते. इंग्रजी मजकूर धरणाऱ्यांनाही आरशाची खोली मोजता येते, पण त्यांच्या हातात ती सरळ आडवी रेघ नसते.

यावरून एक गोष्ट कळते, जी फोटो पाहून नाणी घेणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी असे मला कळकळीने वाटते. आरशाला स्वतःचा रंग नसतो. समोर काळे कापड असेल तर तो काळा दिसतो, समोर पांढरा कागद असेल तर पांढरा. म्हणजे फोटोतला काळ्या-पांढऱ्याचा जबरदस्त फरक हा पुष्कळदा फोटो काढणाऱ्याच्या मांडणीचा गुण असतो, नाण्याचा नसतो. आणि उलट, चहूबाजूंनी पसरलेल्या उजेडात काढलेल्या फोटोत अतिशय सुंदर कॅमिओ असलेले नाणेही पिठासारखे फिके दिसते. म्हणून मी विक्रेत्याला फोटो मागत नाही. एकाच दिव्याखाली नाणे सावकाश फिरवतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागते. फिरताना काळे कुठे सुरू होते, कुठे संपते, चेहऱ्यावरचे दहिवर सगळीकडे सारखे आहे की गालावर, कपाळावर चमकते डाग आहेत, हे त्यात लपवता येत नाही. व्हिडिओ पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही, मग किंमत कितीही सोयीची असो.

दोन्ही बाजू पाहण्याचा आग्रहही मी त्या व्हिडिओसाठीच धरते. नाण्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे ठसे असतात आणि ते एकाच वेळी थकत नाहीत. एका बाजूला नवा ठसा आणि दुसऱ्या बाजूला जुना असे जोडीने काम चालते, त्यामुळे अशोकस्तंभाच्या सिंहांच्या आयाळीवर दाट दहिवर आणि पलीकडे चेहरा मात्र गुळगुळीत, असे नाणे पुष्कळदा हाती येते. परदेशी प्रमाणन संस्था दोन्ही बाजू पुरेशा शुभ्र असतील तरच कॅमिओ हा शेरा देतात. त्यातही एनजीसी जिथे ‘अल्ट्रा कॅमिओ’ म्हणते तिथे पीसीजीएस ‘डीप कॅमिओ’ म्हणते. दर्जा ७० पर्यंतच्या मापाने सांगतात आणि नाणे कडक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करतात. मला या डब्यांचा तिटकारा नाही. लांबून, न पाहता घ्यायचे असेल तर त्यांचा आधार मोठा. पण डबीवरचा आकडा मुख्यतः ओरखडे आणि डाग मोजतो, आणि कॅमिओचा शेरा दोन-तीन पायऱ्यांतच बसवलेला असतो. प्रत्यक्षात त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये शंभर छटा आहेत. ६८ दर्जाच्या निस्तेज नाण्यापेक्षा ६५ दर्जाचे, एखादा बारीक ओरखडा असलेले पण सिंहांच्या आयाळीचा केस न केस शुभ्र दाखवणारे नाणे मी दरवेळी आनंदाने निवडीन, आणि ही माझी पक्की आवड आहे.

धातूचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आणि अवघड आहे. १९६९ आणि १९७० सालच्या दहा रुपयांत ८०० टंच, म्हणजे हजारात आठशे भाग, चांदी होती. १९७२ पासून ती ५०० टंचावर आली, आणि पुढे शंभर रुपयांच्या स्मरणनाण्यांत निम्मी चांदी, ४० टक्के तांबे आणि उरलेल्या १० टक्क्यांत निकेल व जस्त असा चौधातू मिश्रणाचा प्रघात कित्येक दशके राहिला. १९४० साली चलनी रुपया जेव्हा उतरला तेव्हाही चांदी ५०० टंचच झाली होती, तेव्हा हे प्रमाण टांकसाळीला नवे नव्हते. पण एवढे तांबे पोटात असलेले नाणे मुंबईच्या हवेत फार लवकर बदलते. आधी आरशावर पिवळसर झाक येते, मग तपकिरी, मग कडेपासून आत सरकणारा निळसर धूर. दहिवराचा भाग खरखरीत असल्याने त्याचे एकूण पृष्ठ अधिक, म्हणून कधी कधी तो आधी मळतो, आणि काळ्यावर पांढरे दिसायचे त्याऐवजी करड्यावर करडे दिसू लागते. ओरखडा एकही नाही, झीज एक कण नाही, आणि तरी कॅमिओ गेलेला. म्हणूनच त्या काळात परदेशी संग्राहकांनी घेतलेले आणि कोरड्या हवेच्या देशांत चाळीस वर्षे पेटीत राहिलेले मुंबईचे संच आज परत येतात तेव्हा ते इथे राहिलेल्या संचांपेक्षा पुष्कळदा अधिक ताजे असतात. मला हे थोडे दुखते, पण खरे आहे.

आणि आपल्या घरांत चांदी पाहिली की ती घासायची ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्यांची. गणपती आले, दिवाळी आली, की देवाची भांडी निघतात आणि चिंच, रांगोळी, जे हाताशी असेल त्याने लखलखीत होतात. माझे पहिले खरे प्रूफ नाणे, १९७२ सालचे दहा रुपये, मी कपाटातल्या चांदीच्या वाट्यांशेजारी ठेवले होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ऑफिसातून घरी आले तेव्हा ते पाटावर, तांदळाच्या राशीवर, हळदकुंकवासह विराजमान होते. सासूबाई समाधानाने म्हणाल्या, “अगं, किती काळवंडलं होतं ते. बघ आता कसं झालंय.” रांगोळीच्या पांढऱ्या पुडीने त्यांनी ते दोन्ही बाजूंनी घासले होते. आरशावर वर्तुळाकार ओरखड्यांचे जाळे उमटले होते आणि उठावावरचे दहिवर साफ गेले होते. मी त्यांना काही बोलले नाही, बोलायचे कारणही नव्हते. त्यांनी नाण्याला घरातल्या सर्वांत मानाच्या चांदीची वागणूक दिली होती. ते नाणे त्या दिवसापासून लक्ष्मीपूजनाचेच झाले. त्या गेल्यानंतरही दरवर्षी ते पाटावर ठेवते, आणि घासते.

बाकीच्या नाण्यांसाठी माझे नियम कडक आहेत. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या अल्बमात चांदी ठेवत नाही, कारण त्यातून सुटणारा चिकट, हिरवट थर आधी आरसा मारतो. तसा थर आधीच बसलेला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, अजिबात न पुसता, तो सोडवता येतो, आणि स्वच्छतेच्या नावाने मी तेवढेच करते. रबरबँड, पुठ्ठा, वर्तमानपत्र यांच्या सहवासात नाणे राहू देत नाही, कारण त्यांतले गंधक चांदी काळी करते. उघड्या नाण्यावर वाकून बोलत नाही, कारण लाळेचा न दिसणारा थेंब काही वर्षांनी कायमचा काळा ठिपका होऊन बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये डबी उघडतच नाही.

किमतीबद्दल लोक सर्वाधिक विचारतात आणि मला सर्वांत थोडे सांगायचे आहे. शंभर रुपयांच्या ३५ ग्रॅमच्या नाण्यात साडेसतरा ग्रॅम चांदी आहे, हा हिशेब कागदावर करून ठेवावा आणि मग बाजूला ठेवावा. चांदीचा भाव चढला म्हणून दहिवर दाट होत नाही. संचाची मूळ पेटी असेल तर चांगले, पण पेटीसाठी जास्त देताना आतले मखमल आणि त्याचा गोंद यांनी नाण्याचे काय केले आहे ते आधी पाहावे. आणि घाईने घेऊ नये. ज्या सालचे चांगले नाणे हवे आहे त्या सालची दहा नाणी आधी नुसती पाहावीत, विकत न घेता, म्हणजे त्या सालच्या ठशांनी काय दिले आणि काय दिले नाही हे डोळ्यांना कळते. लोकमान्य टिळकांचे शंभर रुपये मी असेच पाहत होते, पगडीच्या घड्यांत दहिवर कितपत उतरले आहे ते शोधत, आणि तिसऱ्या-चौथ्या नाण्यानंतर मग पहिले नाणे किती फिके होते ते लक्षात आले. कफ परेडच्या प्रदर्शनांत किंवा पुण्यातल्या मेळाव्यांत पूर्ण दिवस फिरून रिकाम्या हाताने घरी येणे मला आता वाया गेल्यासारखे वाटत नाही.

या जूनमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या चार दिवस आधी, १९७३ सालची वीस रुपयांची दोन नाणी समोर आली. एक डबीबंद, उत्तम दर्जाचे, दोन्ही बाजूंनी सारखे आणि दोन्ही बाजूंनी थोडे मवाळ. दुसरे उघडे, परदेशातून परत आलेल्या संचातले, कडेला पिवळसर झाक, मागच्या बाजूला एक बारीक ओरखडा; पण सिंहांच्या बाजूचे दहिवर असे होते की मधल्या सिंहाच्या छातीवरच्या आयाळीची प्रत्येक बट वेगळी मोजता येत होती, आणि कात्रणाची शिरोरेषा आठ बोटांवरूनही सरळ दिसत होती. मी दुकानाच्या दारात, दिव्यापासून दूर, जरा वेळ उभी राहिले आणि मग दुसरे घेतले. ते आता सिलिका जेलच्या पुड्यांसह डबीत आहे. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की उघडीन. तोवर वरच्या चिठ्ठीवर एवढेच लिहिले आहे: १९७३, वीस रुपये, ३० ग्रॅम, सिंहांची बाजू अप्रतिम, दुसरी बाजू मध्यम, कडेवर लक्ष ठेवणे.